वरची रेघ, खालची रेघ

४ डिसेंबर, लातूर

आले एकदाची लातूरला. नांदेडहून सकाळची बस धरली, उतरले तर ऊन मस्त पडलेलं आन् स्टँडवर माझ्यासाठी गाडी उभी. कोंडाबाईसाठी गाडी! लगेच महामायाला फोन लावून सांगितलं. लेक माझी विष्णुपुरीला शिकते. ही वही तिचीच. म्हणली, आई, तू मुक्या पेशंटजवळ बसून एकटीच बडबड करतीस, त्यापेक्षा लिहीत जा, चौथी शिकलीस ती तरी कामाला येईल. बरं म्हणलं.

घर लई भारी. तीन मजली, फरशी अशी की वाकलं तर तोंड दिसतं. मालकांची मोंढ्यात आडत हाय. मला वरच्या मजल्यावर पेशंटच्या बाजूची खोली दिली. कॉट हाय, मोरी हाय, खिडकीतून दुपारपर्यंत ऊन. अर्धापूरला आमच्या अख्ख्या घराला एवढं ऊन येत न्हाई.

घरात मालक उमाशंकर, त्यांची आई सिद्धम्मा आन् पेशंट अंबिका, मालकांची बायको. मालक गोड बोलतात, मावशी मावशी करतात. सिद्धम्मानं आल्या आल्या आडनाव विचारलं. मी सांगून टाकलं, आन् विहारात जाते ते बी सांगितलं, म्हणजे पुढचा प्रश्न वाचला. मंग तिनं माझं ताट-गिलास वेगळं दाखवलं. मी म्हणलं अव्वा, माझं ताट मी घरूनच आणलंय, तुमचं जपून ठेवा. मालकांना हसू आलं, म्हातारीला न्हाई. घरच्यांसाठी केळीची फणी आणली होती ती तिनं ओट्यावरच ठेवायला लावली. संध्याकाळी मीच बसून खाल्ली. गोड होती.

अंबिका आखाडात गच्चीच्या पायऱ्यांवरून घसरली म्हणे. तवापासून डोळे मिटून पडून हाय. श्वास तिचा तिचा चालतो, नाकातल्या नळीतून पातळ जेवण जातं. वय फार तर पस्तीस. केस लांब, दाट. पडून असलेल्या माणसांचं मी लई केलंय. मला ती बोलक्या माणसांपेक्षा बरी वाटतात.

अठरा तारखेला दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम घरी येऊन बघणार. डोक्यात काही उरलं न्हाई असं त्यांनी लिहिलं, तर ही लोकं नळी काढणार. काही उरलं असलं, तर पुढं इलाज. म्हणून तर मशीन घरी आणून बसवलीय. बघू. ज्वारीची भाकरी आन् शेंगाची चटणी दिली. पोटभर झोपणार.

५ डिसेंबर

सकाळी सिद्धम्मानं करडीचं तेल कोमट करून वाटी माझ्या हातात दिली. म्हणली, हिच्या टाळूवर चांगलं जिरव, रोज, एक दिस चुकवायचं न्हाई. मला बरं वाटलं. सासू एवढी माया करते म्हणलं. चोळलं चांगलं.

मंग मशीनवाला वीरेश आला. ढेरपोट्या माणूस, खिशात सदा भाजलेल्या शेंगा. अंबिकाच्या डोक्यावर मलमासारखं काहीतरी लावून तारा चिकटवायला गेला तर एक तार टिकेना. माझ्यावरच खेकसला. म्हणला, तेलाच्या घाण्यातून काढून आणली का काय हिला, केस कोरडे पायजेत, किती वेळा सांगायचं ह्या घरात. मी तोंड उघडायच्या आत सिद्धम्मा दारातून म्हणली, नवी बाई हाय, अक्कल न्हाई तिला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या हातानं वाटी दिली आन् वरून अक्कल माझी काढती! पण पहिलाच आठवडा, गप बसले.

वीरेश निवळल्यावर मी विचारलं ही मशीन सांगते काय. शेंगा सोलत सोलत सांगितलं त्यानं. पडद्यावर वरच्या रेघा डोक्याच्या. डोक्यात वीज असते म्हणे, सगळ्यांच्या, त्याच्या बायकोच्या जरा जास्त. खालच्या रेघा काळजाच्या ठोक्याच्या आन् तळहाताच्या घामाच्या, बोटाला लावलेल्या चिमट्यातून येतात त्या. माणूस भ्यालं की आधी वर हालतं, मंग खाली. ठोका वाढतो, घाम येतो, अंगावर काटा येतो, ते कोणाच्या हातात नसतं. तोंडानं खोटं बोलता येतं, घामानं येत न्हाई. मॅडमला तेच बघायचंय, वरच्याला खालचं उत्तर देतं का. पण तेलामुळं वर निस्त्या मुंग्या. दवाखान्यातून घरी आणल्यापासून एक बी कागद धड निघाला न्हाई म्हणला.

८ डिसेंबर

रोज सकाळी तेलाची वाटी येते. मी म्हणलं अव्वा, मशीनवाला ओरडतो. म्हणली, ह्या घरात हुकूम मशीनवाल्याचा न्हाई. लावते मंग. पगार हिच्याकडून हाय.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. मायलेक दोघं बी अंबिकाच्या खोलीत पाय टाकत न्हाईत. उंबऱ्यापर्यंतच. मालक तिथूनच गोड आवाजात विचारतात, मावशी, आज कशी हाय अंबिका. आन् जिन्यावर त्यांची चप्पल वाजली की हिचे तळहात ओले होतात. थेंब थेंब. दंडावर काटा उभा राहतो, कोंबडीच्या सोललेल्या कातडीसारखा. मी तीनदा पुसले, तीनदा आले. मशीनला दिसो न दिसो, मला डोळे हायेत.

सिद्धम्माला सांगितलं तर म्हणली, थंडी हाय. थंडीनं कुणाला घाम येतो, मला तरी ठाऊक न्हाई.

अंग पुसताना मानेवर मागच्या बाजूला एक वळ दिसला. दोरीएवढा बारीक, जुना, काळा पडलेला. ह्या लोकांत गळ्यात देव घालतात, चांदीच्या डबीत लिंग. ज्या दोऱ्यात ती डबी असते त्याला शिवदारा म्हणतात. मेलं तरी काढत न्हाईत म्हणे. अंबिकाच्या गळ्यातला शिवदारा कोरा करकरीत हाय. जुना कुठंय विचारलं तर सिद्धम्मा म्हणली दवाखान्यात कापला. आन् नजर दुसरीकडं.

१० डिसेंबर

अंबिकाचे वडील आले होते, गुरुलिंगअप्पा, किल्लारीहून जीपनं. त्यांना वर येऊ दिलं न्हाई. जंतू जातील म्हणे. मी केळी खाऊन हात न धुता वर गेले तरी जंतू जात न्हाईत, बापाच्या धोतरानं जातात!

मी भाजीच्या निमित्तानं खाली गेले. म्हातारा ओट्यावर बसला होता. मला अक्का म्हणला. अक्का, तिला कळतं का, एवढंच सांगा. मी म्हणलं, अप्पा, तुमचा आवाज जिन्यातून आला तवा तिचा हात कोरडा होता आन् श्वास असा खोल की तान्हं लेकरू झोपावं. म्हातारा फडक्यात तोंड घालून रडला. मंग म्हणला, शिवदारा मी माझ्या हातानं वळून दिला होता तिला, लग्नात, रेशमाचा, बैल बांधला तरी तुटला नसता. दवाखान्यातल्या लोकांना विचारलं, ते म्हणतात आमच्याकडं आली तवाच गळा मोकळा होता. चौकीवर बी जाऊन आला. तिथं लिहून ठेवलंय, घसरून पडली.

वर आले तर सिद्धम्मा वाटी घेऊन उभी. वाटीकडं बघितलं, हिच्या मानेकडं बघितलं, आन् डोक्यात एकदम उजेड पडला. वरच्या रेघेत मुंग्या राहाव्यात, मॅडमनं काही न्हाई म्हणून लिहावं, नळी निघावी, म्हणून हे तेल. आन् चोळायला कोण? मी. माझे हात.

थांबा म्हणलं. दाखवते.

१२ डिसेंबर

धुतलं!

सिद्धम्मा मठात गेली तशी दाराला आतून कडी घातली आन् रिठ्यानं अंबिकाचं डोकं तीन पाण्यानं धुतलं. फेस निघेपर्यंत चोळलं, पंख्याखाली वाळवलं. केस असे मोकळे झाले की मलाच बरं वाटलं. धुता धुता तिला म्हणलं, पोरी, आता बोल काय बोलायचं ते.

वीरेश आला, तारा लावल्या, आन् सोललेली शेंग हातातच राहिली त्याच्या. वरच्या रेघा स्वच्छ. म्हणला, बाई, ही तर हाय! ही आत हाय! तेवढ्यात जिन्यावर चप्पल वाजली. वरच्या रेघा अशा उसळल्या जसं तव्यावर पाणी. मागून खालच्या उसळल्या. मालक उंबऱ्यात आले आन् पडदा नुसता नाचायला लागला. वीरेश एकदा पडद्याकडं बघतोय, एकदा मालकांकडं. समजला तो.

मालक हसले. छान, छान म्हणले. आन् रुमाल काढून हात पुसले. दोन्ही हात. पुन्हा पुसले. रुमाल पिळावा एवढा ओला. मी म्हणलं, मालक, थंडी वाजते का? लई मजा आली मला.

वीरेश म्हणला, तारा अठरापर्यंत काढायच्या न्हाईत, मॅडमला फोन करतो. मी आतून कडी घालते आता. वाटी घेऊन या म्हणावं.

१३ डिसेंबर

आज जे बघितलं ते जसंच्या तसं लिहिते.

समोरच्या खोलीत देवघर हाय. सकाळी मालक पूजेला बसतात. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं, त्याच्याकडं टक लावून बघायचं, अशी ह्यांची पूजा. मी दार उघडून मोरीतलं पाणी काढत होते. इकडं पडदा दिसत होता, तिकडं मालक.

अचानक वरच्या रेघा उठल्या. मी खालच्या बघितल्या. काही न्हाई. ठोका आपला संथ. हात लावून बघितला, तळहात कोरडा ठाक. म्हणलं मशीन बिघडली. आन् तिकडं बघितलं तर मालकांच्या मनगटावरून पाणी ठिबकत होतं. मानेवर काटा उभा. छाती अशी उडत होती की उपरणं हालत होतं. तळहातात पाणी साचलं, आन् लिंग घसरलं. फरशीवर पडलं. टण्ण झालं.

सिद्धम्मानं जी किंकाळी फोडली ती खालच्या दुकानापर्यंत गेली असेल. हातातलं लिंग पडणं म्हणजे ह्या लोकांत जीव गेल्यासारखं. मालक निस्ते हाताकडं बघत बसले. पडद्यावर वरच्या रेघा हळूहळू खाली आल्या, जेवून उठल्यासारख्या, आन् मालकांचा घाम थांबला.

वर तिचं हाललं. खाली त्याचं.

म्हातारी धावत उंबऱ्यापर्यंत आली. लिंग कुठं, लेक कुठं, काही न्हाई. एकच विचारलं. डोकं धुतलंस का तिचं?

१४ डिसेंबर

सिद्धम्मा मेली.

सकाळी ती माझ्या दारात आली, वाटी घेऊन. मला हात जोडले. आल्या दिवशी आडनाव विचारणारी बाई आज माझ्या पाया पडायला निघाली. म्हणली, तेल मशीनसाठी न्हाई गं बाई, मशीन फसते तो वरचा फायदा. तेल हिला आत ठेवायला. दवाखान्यातून घरी आणली तवा पहिल्याच दिवशी उमाशंकरच्या हातातला घास गळाला, घाम, छाती धडधड. मलाही. एकदा चुकून तेलाची वाटी तिच्या डोक्यावर सांडली आन् सगळं थांबलं. तवापासून ठेवलेल्या बायांकडून रोज लावून घेतो. तारा असो नसो, तिला फरक न्हाई. तेलानंच बंद होते ती.

मी म्हणलं, केलं काय तुम्ही तिला?

सांगितलं तिनं. अंबिका कायमची माहेरी निघाली होती, पिशवी भरून. इज्जत जाईल म्हणून जिन्यात अडवली. त्यानं मागून शिवदाऱ्यात बोटं घालून पीळ दिला. रेशमाचा होता, तुटेना. मी विचारलं, आन् तुम्ही? म्हणली, पाय मी धरले.

असं म्हणली, जसं गाईचं दूध काढताना पाय धरले असं सांगावं. आन् दुसरी पोरगी बघून ठेवलीय, नळी निघाली की उरकायचं, हे बी सांगून टाकलं.

माझं डोकं फिरलं. म्हणलं, मी लावणार न्हाई. तुमची सून हाय, तुमचं तेल हाय, तुमच्या हातानं लावा. या की आत. अंबिकाच्या खोलीचं दार उघडून बाजूला झाले.

तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला. पडद्याकडं मी बघितलं न्हाई, बघायची गरजच पडली न्हाई. म्हातारीच्या कपाळावरची विभूती घामानं विरघळून डोळ्यात गेली. दंडावर काटा. वाटी पडली. छातीवर हात, आन् खाली बसली ती बसलीच. दवाखान्यात नेलं तवा संपलेली होती.

मी रडले न्हाई. दोन भाकरी खाल्ल्या.

१५ डिसेंबर

घर माणसांनी भरलं. म्हातारीला बसवून न्यायची रीत हाय, तशी नेली. मातीत बी बसलेलीच राहील. बस म्हणावं.

मालक आले ते थेट जिन्यानं वर. उंबऱ्यात उभं राहून मांडवाची काठी आत घातली आन् अंबिकाच्या डोक्यावरच्या तारा काठीनं ओढून ओढून काढल्या. बायकोला हात लावायची हिंमत न्हाई, काठीनं! एका ठिकाणी रक्त आलं तिला. पडदा काळा झाला. ते हसले, कपाळ पुसलं.

पुन्हा पुसलं. पुन्हा.

काठी टाकून पळाले. आता आडतीवरच झोपतात म्हणे, पोत्यांवर.

मी तिच्या डोक्याला हळद लावली. म्हणलं, बरं केलंस पोरी, म्हातारीचं बरं केलंस. आता त्याचं कर. मी हाय तुझ्याकडं.

हळद लावताना माझे हात ओले झाले. साबणाचं पाणी राहिलं असेल.

१६ डिसेंबर

साबण न्हाई.

तिच्याजवळ बसले की माझे हात गळतात. पुसते, गळतात. छातीत कोणीतरी धावतंय. दंडावर काटा, उन्हात बसले तरी.

मला कशाला? मी काय केलं? पाय धरले का मी?

महामायाला फोन केला. म्हणली निघून ये आई, आत्ताच्या आत्ता. पिशवी भरली. स्टँडवर गेले. नांदेडची बस लागलेली होती. पायरीवर पाय ठेवला आन् काळीज असं उडालं की कंडक्टरनं धरून खाली बसवलं. पाणी पाजलं. माझ्या हाताकडं बघून म्हणला, बाई, हाताला तेल लावून आलात का, दांडी कशी धरणार.

तेल.

माझे हात. चोळलं माझ्याच हातांनी. रोज. टाळूवर, जिरवून जिरवून. ती आतून ओरडत असेल आन् मी वरून —

परत आले. जिन्यात पाय टाकला तसं छाती शांत झाली. ती मला जाऊ देणार न्हाई.

१७ डिसेंबर

मालक आले दुपारी. अंगावरचा शर्ट पाण्यातून काढल्यासारखा. तेलाची आख्खी बाटली हातात. उंबऱ्याच्या चार हात अलीकडंच बसले, जिन्याच्या वरच्या पायरीवर.

म्हणले, मावशी, तुमचे बी हात गळतात ना, मला दिसतंय. लावा तेल. उद्या मॅडम येऊन लिहून जाईल, नळी निघेल, तुम्ही सुटाल, मी सुटेन. तुम्हाला लेक हाय ना. हे बी तितक्याच गोड आवाजात.

खरं होतं त्याचं. तेच वाईट.

मी बाटली घेतली. माझं काळीज कानात वाजत होतं. तिच्या उशाशी गेले. टोपण काढलं. महामाया डोळ्यापुढं आली. म्हणलं एवढंसं ओतायचं, जगायचं, गावी जायचं — हात पुढं केला —

मानेवरचा वळ दिसला.

मोरीत ओतली. सगळी. गळगळ आवाज झाला, त्याला ऐकू जावा म्हणून दार उघडं ठेवून ओतली. म्हणलं, सुटा आता.

तो उठला. तोंड उघडं, गळ्याला दोन्ही हात, जसा कोणी मागून पीळ घातलाय. मंग जिन्यावरून गेला. सगळ्या पायऱ्या.

श्वास चालू होता. उचलून नेलं.

संध्याकाळी वीरेशचा फोन. मालकाला बी तारा लावल्यात दवाखान्यात. वर काहीच न्हाई म्हणला, सरळ रेघ. खाली काळीज निस्तं पळतंय, पळतंय. वर कोणी न्हाई आन् खाली भ्यालेलं. असं कधी बघितलं न्हाई म्हणला.

मी बघितलंय.

हसले मी. लई हसले. माझे हात अजून गळतात.

१८ डिसेंबर

मालकाचे चुलते खाली बसलेत. मॅडमनं लिहून दिलं तर हिचं बी आजच उरकू म्हणतात. गुरुलिंगअप्पा बी आलेत, दारात.

वीरेशनं सकाळी तारा नव्यानं लावल्या. केस कोरडे हायेत, मी बघितलं. तो मॅडमला आणायला खाली गेला. बोटाचा चिमटा तिच्या बोटावरून गळून पडला —

मी माझ्या डाव्या हाताच्या बोटाला लावून बघितला. खात्री करायला.

वर तिची रेघ उठते. खाली माझी उठते. तिची थांबते, माझी थांबते. जरा बी चुकत न्हाई. वर ती, खाली मी.

तिला म्हणलं, पोरी, तेल लावलं ते ह्याच हातांनी, कबूल. धुतलं ते बी ह्याच हातांनी. बघ काय ते.

हात ओले, पेन सटकतंय —

फाटक वाजलं. मॅडमचा आवाज. चुलते मोठ्यानं बोलतायत. वर चढतायत. तिच्या रेघा उठल्या — माझी छाती — चुलत्याचा आवाज मालकासारखाच हाय, तिला वाटतंय तोच —

तो न्हाई गं. न्हाई तो. मी हाय इथं —

गुरुलिंगअप्पा बी येतायत. त्यांनी हाक मारली, अंबिका म्हणून —

ऐकलं तिनं. रेघा खाली येतायत. बरं वाटलं. माझं बी हळू झालं. हात कोरडे. किती दिवसांनी कोरडे. अजून हळू. झोपच —

लई हळू — खालची रेघ आडवी पडत चाललीय —

चिमटा काढावा — डावा हात उचलेना —

दारात आल्या मॅडम. बघा मॅडम, वर बघा. वरची रेघ चालू हाय, स्वच्छ, बराबर चालू हाय, ती हाय आत. वरचीच बघा. खालची तिची न्हाई, खालची —